झाला फोटो

सावली गावातल्या स्टुडिओत बापाचा जुना रोलचा कॅमेरा सापडला आणि मिथुन अर्ध्या हळकुंडाने पिवळा झाला. शहरात पुन्हा रोलची हौस सुरू झालीय, पुढचा जमाना याचाच, असं तो भेटेल त्याला ऐकवू लागला. बापाने रोल भरायचं हसत शिकवलं असतं, पण विचारायला मान वाकवावी लागते आणि ते त्याला जमत नव्हतं.

ओळखीतून अहेरीकडच्या एका गावातून बोलावणं आलं. नीलाबाईला नवऱ्यासोबतचा एक फोटो भिंतीवर लावायला हवा होता. तिचा म्हातारा नवरा, पोचू, कधीचा अंथरुणाला खिळलेला. त्या दिवशी त्याला धुतलेलं पागोटं बांधून अंगणातल्या खाटेवर बसवलं. नुसतं बसूनही त्याला धाप लागत होती. मुलाने, सुनिलने, मोबाईल काढला तसा मिथुन म्हणाला, "ठेव तो. मोबाईलातला फोटू मोबाईलसंगच मरते. रोलचा पिढ्या टिकते." सुनिलने मुकाट्याने मोबाईल खिशात घातला.

रोल छत्तीस फोटोंचा. मिथुन खटाखट काढत सुटला. आकडा छत्तीसच्या पुढे गेला तरी रोल संपेना. त्याने रोल गुंडाळायची कळ फिरवून पाहिली, तर ती सैल फिरली. रोलचं टोक आत अडकलंच नव्हतं, रोल जागचा हललाच नव्हता. एकही फोटो निघाला नव्हता.

"झाला का भाऊ?" नीलाबाईने विचारलं.

पुन्हा रोल भरायला कितीसा वेळ लागला असता? पण एवढी शेखी मिरवल्यावर सुनिलच्या देखत कॅमेरा उघडायची त्याला लाज वाटली.

"झाला," तो म्हणाला.

पुढच्या महिन्यात पोचू गेला. दिवसकार्य आटोपून नीलाबाई बसने सावलीला आली. येताना बाजारातून काचेची फ्रेमही घेऊन आली होती.

"बाई, रोल धुताना खराब झाला," मिथुन खाली बघत म्हणाला.

"जाऊ द्या भाऊ. तुमची भी मेहनत वाया गेली."

तिने उलट त्याचीच समजूत घातली, ते मात्र त्याला सोसेना. "खोटं बोललो, बाई. रोल अडकलाच नव्हता. मले तिथंच समजलं होतं."

नीलाबाईने हातातली फ्रेम खाली ठेवली.

"मंग 'झाला' काऊन म्हटलं, भाऊ? बुढा त बसूनच होता ना."