‘जा’च्या पुढचं अक्षर

या, असे जवळ सरका. लांब बसून ऐकण्याजोगी ही गोष्ट नाही. हिच्यात कुणी आवाज चढवत नाही. आणि जो सगळ्यांत कमी बोलतो, त्याच्याचसाठी ती सांगायची आहे. एका शब्दाची गोष्ट. अख्ख्या शब्दाचीही नव्हे, त्याच्या शेपटाची.

“पा... पा... पा...” सात वर्षांची पोर खुर्चीत बसून तोंड उघडत होती, मिटत होती.

“पाणी!” बाप म्हणाला आणि पिशवीतून बाटली काढू लागला.

“पाणी कशाला, आत्ता तर प्यायलीय. पाठ खाजत असेल,” शेजारी बसलेली म्हातारी म्हणाली. ती बापाची मावशी. तिनं पोरीची पाठ खाजवायलाही घेतली.

“पा... पा...”

टेबलापलीकडच्या बाईंनी तळहात वर केला. “थांबा.”

सरकारी दवाखान्याच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून ही खोली. दारावर ‘वाचा उपचार’ अशी पाटी होती; पण शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळे बाईंना म्हणायचे थांबाबाई. दिवसभरात त्या दुसरं फारसं बोलायच्याच नाहीत. रोग्याच्या नातलगांना त्यांचं औषध एकच. थांबा. तिचं वाक्य तिला म्हणू द्या.

खोली थांबली. बाप बाटली हातात धरून थांबला, म्हातारीचा हात पाठीवरच थांबला. पोरीनं डोळे मिटले, श्वास घेतला आणि अखेर गाडी सुटली.

“पाय चिमटलाय माझा! आजीच्या खुर्चीखाली!”

म्हातारी टुणकन उठली. पोरीचा अंगठा लालबुंद झाला होता. “अगं बाई! आणि मी मेली पाठ खाजवत बसले!” बाप हसला, पोर रडता रडता हसली. बाईही हसल्या, डावीकडे मान कलती करून, ओठ दाबून.

म्हातारी तशीच उभी राहिली. ते हसू तिनं कुठंतरी पाहिलं होतं. मग टेबलावरच्या उजव्या हाताकडे तिची नजर गेली. मनगटाच्या वर इस्त्रीच्या टोकाच्या आकाराचा जुना भाजल्याचा डाग होता.

“भिंगरी?” ती म्हणाली. “तू आमची भिंगरी ना गं?”

तीस वर्षांत आईखेरीज या नावानं बाईंना कुणी हाक मारली नव्हती.

आता मागं जाऊ या. कारण थांबाबाई जन्मापासून थांबाबाई नव्हत्या. आठव्या महिन्यातच जगात आलेली ही पोर, आईनं तिचं नाव भिंगरी ठेवलं ते उगाच नाही. जिना उतरताना शेवटच्या चार पायऱ्या ती कधी उतरलीच नाही, उडीच मारायची. समोरच्यानं गोष्ट सुरू केली की शेवट हिच्याच तोंडून. आई काजं-बटणं करून पोट भरायची. पोर सकाळी लाँड्रीत कपड्यांना इस्त्री करायची आणि तिथून धावत कॉलेजात, वाचा उपचाराच्या वर्गात. धापा टाकत आत आली की मॅडम म्हणायच्या, “ही बघा, अडखळणाऱ्यांना धीर धरायला शिकवणार!” वर्ग हसायचा. मग मॅडम गंभीर व्हायच्या. “एकच नियम पाठ करा. वाक्य ज्याचं त्याचं. तो अडला, घामाघूम झाला, तुमच्या जिभेवर त्याचा शब्द आला, तरी गिळा. तुम्ही त्याचं वाक्य पुरं केलंत, की ते त्याचं राहत नाही.”

शेवटच्या वर्षी शंभर तासांचा सराव असायचा. ज्याला कुणी घ्यायला तयार नव्हतं तो रोगी भिंगरीच्या वाट्याला आला.

टेकडीवरच्या घरात राहणारा तो माणूस अब्जाधीश होता. काचेचे कारखाने, गोदामं, जहाजं. शहरातल्या निम्म्या खिडक्यांत त्याचीच काच होती. पण त्या खिडक्यांतून त्याला कुणी रस्त्यानं जाताना पाहिलं नव्हतं. वडील गेल्यावर पहिल्याच सभेत तो भाषणाला उभा राहिला आणि वडिलांच्या नावापाशीच अडला. सभेत कुणीतरी फिस्सकन हसलं. तेव्हापासून नऊ वर्षं तो घराबाहेर पडला नव्हता. सगळा कारभार चिठ्ठ्यांवर. लोक त्याला घुम्या म्हणायचे, माजलाय, म्हणायचे. माणूस बोलत नाही म्हटल्यावर त्याच्या वतीनं बोलायला सारं गाव मोकळंच असतं.

पहिल्या दिवशी त्यानं चिठ्ठी पुढं सरकवली. ‘तुम्हाला तासांच्या सह्या हव्यात. सगळ्या आत्ताच करून देतो. येण्याची गरज नाही.’

भिंगरीनं चिठ्ठी वाचली, चार घड्या घातल्या आणि परत दिली. “हे बघा, मी लाँड्रीतून इथवर टेकडी चढून आलेय. सही नको. वचन द्या. माझ्याशी चिठ्ठी नाही. कधीच नाही. जे असेल ते तोंडानं.”

त्यानं लेखणीला टोपण लावलं.

आता देवाची करणी पाहा. ज्या जिभेला बोलताना काटे रुततात, तीच जीभ गाताना लोण्यासारखी चालते. सूर पुढं होऊन शब्दाचं बोट धरतो. भिंगरीला हे वर्गात शिकवलं होतं. त्यानं स्वतःवर कधी करून पाहिलं नव्हतं. तिनं साधीसुधी वाक्यं चालीवर म्हणायला लावली, आणि तिसऱ्या आठवड्यात टेकडीवरच्या त्या मुक्या घरात अब्जाधीश भरदार आवाजात गाऊ लागला, “चहा थंड झाला... मावशी, चहा थंड झाला!”

मावशी म्हणजे त्या घरचं स्वयंपाकघर सांभाळणारी बाई. ती पदराला हात पुसत धावत आली. “अगं बया, नाटक कंपनी उतरलीय का घरात?” म्हणाली, आणि लगेच तोंड फिरवून डोळे पुसले.

मग काय, रोज नवं. तो गायचा, “आज उशीर झाला तुम्हाला.” ती गायची, “इस्त्री तापेना, काय करू!” एकदा तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी घड्याळ नव्हतं. त्याच्या जागी न उडालेल्या रंगाचा एक गोल तेवढा उरला होता. तिनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. एकदा तो तिच्या उसवलेल्या बुटांकडे पाहत राहिला, तर ही कडाडली, “बुटांकडे काय बघता? माझ्या तोंडाकडे बघा.” बोलून गेल्यावर दोघंही इतके लाजले की त्या तासाला पुढं धडा झालाच नाही. तो मग खिडकीत उभा राहून तिला फाटकापर्यंत जाताना पाहू लागला. ती शेवटच्या चार पायऱ्यांवरून उडी मारायची, आणि वरून मोठ्यानं हसण्याचा आवाज यायचा. हसताना तो कधीच अडखळत नसे.

हळूहळू सूर सोडून साध्या बोलण्यात उतरायचं होतं. एकटा असला की तो वाक्यं घोकायचा. रिकाम्या खोलीत त्याची जीभ कधी अडत नसे. माणूस समोर आला की काटे. आणि समोर ती असली, तर सगळ्यांत जास्त.

“एक वाक्य निवडा,” तिनं सांगितलं होतं. “तुम्हाला सगळ्यांत महत्त्वाचं वाटेल ते. ते गायचं नाही, बोलायचं. ते झालं की तुम्ही पास.”

“आणि तु... तुम्ही?”

“मी कधीचीच पास!” ती म्हणाली, तिच्या सवयीनं, घाईत.

परीक्षा झाली. लांबच्या गावच्या दवाखान्यातून नोकरीचं पत्र आलं. आईनं पत्र कपाळाला लावलं. “मी कळवते दोन दिवसांनी,” भिंगरी म्हणाली, तेव्हा आईच्या हातातली सुई थांबली.

“भिंगरे, त्याला बोलायला आलं की तू कोण गं त्याची? दवा संपल्यावर बाटली जपून ठेवलेली पाहिलीस कुठं?”

हे शब्द तिच्या मनात काचेच्या कपचीसारखे बसले. शंभरावा तास भरला त्या दुपारी ती टेकडीवर गेली तीच मुळी ते काढून घ्यायला. स्वतःहून काही मागायचं नाही, हा तिचा ताठा. त्यानं थांबवलं तर थांबायचं, एवढं मात्र ठरवून गेली होती.

“मला नोकरी लागलीय,” ती म्हणाली. “लांब आहे. सोमवारी हजर व्हायचंय.” आणि मग जमिनीकडे पाहत, “जाऊ का?”

त्यानं दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले. बोटांनी ठेका धरला नाही. आज गायचं नाही, हे त्यानं ठरवलं असावं. त्यानं निवडलेलं वाक्य हेच, हे तिला कळायला हवं होतं. शंभर तास तिनं हेच तर शिकवलं होतं.

“तुम्ही,” तो म्हणाला. हे नीट आलं. “तुम्ही जा...”

मानेवरची शीर फुगली.

“जा... जा...”

‘खिडकी’ शब्दासाठी ती पाच पाच मिनिटं थांबली होती. ‘थंड’साठी थांबली होती. पण ‘जा’ हा शब्द मोठा लबाड. अर्धा असला तरी पुरा वाटतो. दर ‘जा’ तिच्या अंगावर थपडेसारखा बसत होता. तिसऱ्या थपडेला ती नियम विसरली, मॅडमना विसरली, भिंगरी झाली.

“समजलं मला,” ती म्हणाली. “नका त्रास करून घेऊ. जातेच आहे.”

तो उठून उभा राहिला. सभ्य माणूस, निरोपाला उठला, असं तिला वाटलं. ती वळली ती थेट फाटकाबाहेर. त्या दिवशी शेवटच्या चार पायऱ्या ती एक एक करून उतरली.

पुढचं आयुष्य सांगायला वेळ लागत नाही. नोकरी केली, आईला सांभाळलं, आईला पोचवलं. लग्न केलं नाही. आपण एक वाक्य तोडलं, एवढी बोच मात्र राहिली. ते वाक्य आपल्याला हवं तसं नसेलही, पण त्याचं होतं. त्या बोचेतूनच भिंगरीची थांबाबाई झाली. बारा वर्षांपूर्वी वर्तमानपत्रात तो गेल्याची बातमी आली. फोटो तरुणपणीचा होता. नंतरचा कुणाकडे नव्हताच. बाईंनी ते पान घडी करून खणात ठेवलं आणि पुढच्या रोग्याला आत बोलावलं.

आणि आता टेकडीवरच्या घरातली तीच मावशी समोर उभी होती. साहेब गेल्यावर या गावी भाच्याकडे राहायला आलेली, आज त्याच्या लेकीला दाखवायला घेऊन आलेली.

“मी त्या दिवशी चहाचा ट्रे घेऊन दाराशीच होते,” मावशी खाली बसत म्हणाली. पोरीचा पाय या खेपेला तिनं आधी बघून घेतला. “तू माझ्या अंगावरून वाऱ्यासारखी गेलीस. आणि आतून साहेबांचा आवाज आला. स्वच्छ गं, देवाशप्पथ! ‘जाऊ नका.’ पुन्हा, ‘जाऊ नका, इथंच राहा.’ एकदा म्हणून अडखळले नाहीत. मला वाटलं, धडा घोकतायत. मी मेली उलट खूश झाले, म्हटलं पोरीनं शिकवलं हो. तू तेव्हा फाटकाशीसुद्धा पोचली नसशील. एक हाक मारली असती...”

बाईंच्या हातातली पेन्सिल टेबलावर आडवी झाली.

“पुढं वर्षभरानं मी म्हटलं, साहेब, दोन ओळी लिहा तिला. तर म्हणाले, तिच्याशी चिठ्ठी नाही, वचन दिलंय. मी म्हटलं, मग जाऊन बोला. तर म्हणाले, आणि हे म्हणायला त्यांना किती वेळ लागला म्हणून सांगू, मी आपली बसून राहिले, म्हणाले, ‘मावशी, तिला समजलं होतं. समजलं म्हणाली, आणि गेली. आता आणखी काय विचारू?’” मावशीनं पदर तोंडाशी नेला. “मलाही तेच वाटत आलं गं इतकी वर्षं. तू ओळखलंस आणि नको म्हणालीस. खरं सांग पोरी, तुला काय समजलं होतं?”

थांबाबाईंनी तोंड उघडलं.

“मला... मला...”

शब्द येईना. दुसऱ्यांच्या जिभा सोडवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांचीच जीभ टाळूला चिकटली. “मला...”

“तुला वाटलं असेल की...” मावशी पुढं वाकून म्हणाली.

तेवढ्यात खुर्चीतल्या पोरीनं आपला इवलासा तळहात वर केला. नुसता हात वर धरून राहिली, बाईंनी धरला होता तसाच.

मावशी खुर्चीत मागं सरकली. बाहेर कुणाच्या तरी नंबराचा पुकारा झाला. कुणीच उठलं नाही.

“मला वाटलं,” बाई म्हणाल्या, “जा म्हणाले.”

पोरीनं हात खाली घेतला नाही. वाक्य अजून संपलेलं नाही, हे तिला मोठ्यांच्या आधी कळलं होतं.

“थांबले असते मी.”

झाली गोष्ट. आता माझं एवढं मागणं ऐका. कधी तुमच्यासमोर कुणी एखाद्या अक्षरापाशी अडून उभं राहील, तुमच्या जिभेवर त्याचा पुढचा शब्द तयार असेल, तेव्हा तो गिळा. आणि तो माणूस पुढचं अक्षर शोधत असेल तेवढ्या वेळात, टेकडीवरच्या रिकाम्या खोलीत स्वच्छ बोलणाऱ्या त्या घुम्याची आठवण काढा.