लाल दोऱ्याची गाठ

रफू म्हणजे इथं कधी फाटलं होतं हे कुणाला कळू न देणं. या कामात माझा हात धरणारा कुणी नव्हता. फक्त मला लाल आणि हिरवा सारखेच दिसतात. आई गेल्यावर हे ठाऊक असलेलं माणूस एकच उरलं, माझी ताई. लाल दोऱ्याच्या टोकाला ती गाठ मारून ठेवायची. तीस वर्षं माझी अब्रू त्या गाठींवर टिकली.

तिच्या जावयासाठी तिनं समोरच वेगळं रफूचं दुकान थाटलं, तरी गाठी मारायला रोज सकाळी यायची. मी सगळ्यांना सांगायचो, बहीण असावी तर अशी. डोंबल!

नाटकगृहाचा जुना भरतकामाचा पडदा उंदरांनी कुरतडला. लाल फुलं, हिरवी पानं. असं काम जन्मात एकदा मिळतं. व्यवस्थापक आले, पण पडद्याऐवजी दोन रिळं घेऊन. चार गिऱ्हाइकांसमोर ती माझ्या नाकापुढं धरून म्हणाले, "मास्तर, यातलं हिरवं कुठलं?"

गाठी नव्हत्या. मी खोकलो, चष्मा पुसला आणि डावीकडचं उचललं. हशा पिकला.

समोरच्या दारात ताई उभी होती. चुगली तिची आणि मान खाली गेली माझी! चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय? लाजेला एवढंही कळू नये, यावर मी पुष्कळ डोकं फोडलं. लाज पाप बघून येतच नाही, बघणाऱ्यांचे डोळे बघून येते. आणि ताईकडे तर कुणी बघत नव्हतं.

पडदा तिला मिळाला. आठवड्यानं तोच पडदा खांद्यावर टाकून ती माझ्या दारात. जावयानं पोतं शिवावं तसे टाके घातले होते.

"चुकले रे," ती म्हणाली. "परवा प्रयोग आहे. तू नाही म्हणालास तर त्याचं दुकान उठेल." तिनं सुई ओवून पुढं केली. "हा लाल. गाठ मारलीय बघ."

गाठ होती. मी सुई घेऊन तडक बाहेर आलो. शेजारच्या घड्याळवाल्याला, त्याच्या गिऱ्हाइकांदेखत विचारलं, "मला रंग कळत नाहीत. हा कुठला?"

"लाल," तो म्हणाला.

परत आलो तर ताईची मान खाली होती. मी पडदा मांडीवर घेतला. फूल भरून झालं तसा तिनं पुढचा दोरा ओवून दिला. तोही मी बाहेर नेऊन विचारला.