पंचेचाळीस अंशांचा पाइप

अप्पांचं गणित चाळीस वर्षांत कधी चुकलं नव्हतं. हे अप्पाच सांगायचे, तेही दिवसातून दोनदा. त्यांची लेक त्यांच्याच इंजिनिअरिंग ऑफिसात त्यांची आकडेमोड तपासायला होती, म्हणून बिचारीला एकदा घरी आणि एकदा इथे ऐकावं लागे.

आज सकाळी मात्र निवृत्तीआधीचा त्यांचा शेवटचा हिशेबाचा कागद सहज चाळताना तिचं बोट एका आकड्यावर अडलं. उतारावरचा पाइप, पंचेचाळीस अंशांत तिरका, दोन खांबांवर तुळईसारखा टेकलेला. पाण्याच्या वजनाने तो मध्ये वाकू पाहणार, त्या वाकवणाऱ्या जोराचा आकडा, म्हणजे बेंडिंग मोमेंट, अप्पांनी काढला होता. जुन्या नकाशांत खांबांमधलं अंतर उतारावरून मोजलेलं असे. या नव्या नकाशात ते जमिनीला समांतर, आडवं होतं. अप्पांनी सवयीने तीच पाइपाची लांबी धरली! खरा पाइप जवळजवळ दीडपट लांब, आणि मोमेंट चक्क दुप्पट. अकराला त्यात पाणी सोडणार होते. तपासणाऱ्याच्या चौकटीत हिचीच सही. बापाचा कागद काय तपासायचा, म्हणून न बघता ठोकलेली.

साडेदहा वाजले होते. ती धावतच अप्पांच्या टेबलाशी गेली.

"अप्पा, मोमेंट चुकलाय."

"तुझं डोकं चुकलंय! मी तुझ्या जन्माआधीपासून—"

"लांबी बघा आधी."

अप्पांनी चष्मा चढवला, पेन्सिल फिरवली आणि लांबीच्या आकड्यावर काट मारली. कान लालबुंद. मग फोन उचलून साइटवर ओरडले, "पाणी सोडू नका! मध्ये आणखी एक खांब लागेल. कोणाची चूक म्हणजे? माझी! लिहून घे हवं तर."

लेकीला रडूच फुटलं. "सही माझीसुद्धा आहे, अप्पा. तुमच्यावर विश्वास होता."

"विश्वास घरी ठेवायचा," अप्पा खेकसले. "तपासायला बसलीस की समोर तुझा बाप नाही. कळलं?"

त्यांनी मधला खांब धरून नवा कागद केला आणि तिच्यापुढे सरकवला. ती डोळे पुसून पहिल्या ओळीपासून एकेक आकडा तपासू लागली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. अप्पांची चुळबुळ सुरू.

"अगं, बरोबर आहे ते!"

"गप्प बसा हो," ती मान वर न करता म्हणाली. "इथे माझा बाप नाहीये."