घर ओढायचं होतं

“दाब आता!” बॉनेटमागून मिस्त्रींचा आवाज आला.

मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. चढ दिसला की आधी खोकायचं आणि मग विचार करायचा, अशी सवय असलेली आमची पिकअप एकदम अशी गुरगुरली की कुंपणावरचं मांजर उतरून चालतं झालं.

“ऐकलंस?”

“न ऐकून सांगते कुणाला? मांजरसुद्धा घर सोडून गेलं.”

मिस्त्रींनी डोकं वर काढलं. नाकावर ग्रीस आणि चेहरा पहिला नंबर आलेल्या पोरासारखा. सगळं जग माझ्या नवऱ्याला मिस्त्री म्हणतं. लग्नानंतर काही दिवस मी ‘अहो’ म्हणून पाहिलं. पण वर्कशॉपच्या गोंगाटात ‘अहो’ म्हटलं की चार जण वळून बघायचे, म्हणून मीही मिस्त्रीच म्हणू लागले. ते डिझेल इंजिनं दुरुस्त करतात, मी सुटे भाग पोचवते. म्हणजे गाडी त्यांची, पण हात माझा. आणि साऱ्या परिसरातल्या गाड्या ठणठणीत करणाऱ्या माणसाची स्वतःची गाडी मात्र कायम आजारी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या अंगणात उभा असायचा, डिझेल पीत.

तो उजळायला सासूबाई कारण झाल्या.

सासूबाई घाटाच्या पायथ्याशी एकट्या राहतात आणि आम्ही घाटाच्या माथ्यावर. त्यांचं घर म्हणजे चाकांवरची लाकडी खोली. सासरे रस्त्याच्या कामावर होते, आणि कामावरच्या माणसांना अशा खोल्या मिळायच्या. रस्ता पुढे सरकला की रोलर खोलीला पुढे ओढायचा. सासऱ्यांचं काम सुटलं तेव्हा खोली इतकी जुनी झाली होती की खात्यानं ती परत मागितलीच नाही. ती पायथ्याला जिथे थांबली तिथेच थांबली. सासरे तिथेच गेले.

मागच्या थंडीत सासूबाईंचा नळावर पाय घसरला. दूधवाला येईपर्यंत त्या तिथेच होत्या. बसून होत्या, पडून नव्हत्या, हे त्या प्रत्येकाला बजावून सांगतात. पण त्या दिवसापासून मिस्त्रींचा घास घशाखाली उतरेना. रोज एकच धोशा : आई, वर चल. शेवटी सासूबाई वैतागून म्हणाल्या, “मी उभ्या जन्मात घर सोडून कुठे राहायला गेले नाही. घरच मला घेऊन गेलं. घर वर येत असेल तर मी येते.”

“आई, तो घाट आहे!”

“ठाऊक आहे. तुझ्या बापानं केलाय. एकदाच ओढून बघ. नाही जमलं तर पुन्हा हा विषय माझ्यापुढे काढायचा नाही.”

त्यांना वाटलं, विषय संपला. मला विचाराल तर मिस्त्रींसाठी तिथे सुरू झाला.

मग आमचं अंगण म्हणजे इस्पितळ झालं. जुना टर्बो उतरला, दुसरा मोठा बसला. गरम हवा थंड करून इंजिनाला पाजायला इंटरकूलर आला. रेडिएटर बदलला, क्लचप्लेट बदलली, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत आणखी एकेक पाटा चढला. मागचा हूक ठिणगीनं नव्यानं जोडून दिला. ठिणगी म्हणजे आमचा शेजारचा वेल्डर. त्याच्या तोंडून उडालेल्या ठिणग्यांनी आजवर दोन भांडणं पेटली आहेत आणि एक लग्न जमलं आहे. (लग्न त्याचंच. तो म्हणतो, भांडणं तीन धरा.)

“वहिनी, आता ही गाडी डोंगर ओढेल, डोंगर!”

“ओढेल हो. पण थांबेल का?”

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. पुरुषांना ओढायची हौस फार. थांबायचं कुणीतरी आठवण करून द्यावं लागतं. मग गाडीचे ब्रेक बदलले, आणि खोलीच्या चाकांनाही ब्रेक बसवून त्याची तार पिकअपला आणली.

वजनाचा हिशेबही झाला. मिस्त्रींनी लाकूड मोजलं, छताचा पत्रा मोजला, लोखंडी शेगडी, शिलाई मशीन, पलंग, भांडी सगळं धरलं. सासूबाईंचं वजन विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मी काय सामान आहे?” मी म्हटलं, “मिस्त्री, पुन्हा एकदा आत जाऊन नीट बघा.” तर म्हणाले, “ज्या घरात मी रांगलो, त्याचं वजन मला शिकवतेस?” रांगलेल्या माणसाशी वाद घालू नये.

ठरलेल्या सकाळी आम्ही पायथ्याला पोचलो तेव्हा सासूबाई घर झाडून, कडी लावून, पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या होत्या. नवी टायरं, ग्रीस पाजलेले आस, खिडकीला धुतलेले पडदे. घर अगदी बाहेरगावी निघालेल्या बाईसारखं दिसत होतं. मिस्त्रींनी चावीसाठी हात पुढे केला.

“सूनबाई चालवेल,” सासूबाई म्हणाल्या. “तू लहानपणापासून घाबरलास की खांदा उडवतोस. घाटात खांदा उडवणारा नको.”

मी चालवायला बसले, त्या शेजारी. मिस्त्री लाकडी ठोकळा घेऊन घराच्या मागे, कारण चढावर चालत्या वजनामागे एक माणूस चाकाला ठोकळा लावायला हवाच. पुढे स्कूटरवर ठिणगी, दांडीला लाल फडकं बांधून, जसा काही राजाच.

घाट सुरू होतो तिथेच पहिला उभा चढ आहे. मी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. इंजिन काय गरजलं! आणि चाकं जागच्या जागी फिरली. पुन्हा दाबला. पुन्हा नुसती फिरली. रबराचा वास, निळा धूर, आणि घर ढिम्म. एवढी ताकद आणली, पण तिचे पाय जमिनीवर ठरेनात.

मी इंजिन बंद केलं. सासूबाई समोर बघत होत्या.

“झालं एकदाच?” त्या हळूच म्हणाल्या.

जिंकल्याचा आवाज असा नसतो. मी वळून बघितलं तर त्यांनी पिशवीचा बंद बोटाला घट्ट गुंडाळला होता. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की बाईंना वर यायचं आहे.

खाली उतरले. मिस्त्री हातातला ठोकळा विसरून उभे होते. तोंड असं की मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी गाडीकडे बघितलं. मागचं टायर आणि मडगार्ड यांच्यात चांगली फट दिसत होती. मी हात घातला, तो आरपार गेला.

“मिस्त्री, हिचं बूड वर उचललं गेलंय.”

ते धावत आले, वाकले, मग घराच्या मागच्या टोकाकडे गेले, परत आले. “घर मागून जड आहे. चाकं मधोमध, त्यामुळे मागून दाबतंय आणि पुढून हूक वर उचलतंय, आणि हूक गाडीला उचलतोय. चाकं धरणार कशी? आई, मागच्या बाजूला काय आहे?”

“माझा पलंग.”

“पलंग धरलाय मी.”

“मग पलंगाखालचं असेल.”

“पलंगाखाली काय आहे?”

“दगड,” सासूबाई म्हणाल्या, जणू पलंगाखाली सगळेच ठेवतात.

ठिणगीनं स्कूटर बंद केली. हे त्याला ऐकायचंच होतं.

पलंग सरकवला, फळ्या उचलल्या. खाली, घराच्या दोन तुळयांमधल्या पोकळीत, एकाला एक टेकून दगड बसले होते. काळे, तांबूस, पांढऱ्या रेघांचे. कुठला पावाएवढा, कुठला उशीएवढा.

“एक रस्ता पुरा झाला, त्यावरून आपलं घर गेलं, की तुझा बाप एक दगड उचलून आणायचा,” सासूबाई दारातून म्हणाल्या. “म्हणायचा, रस्ता काही आपल्याला मिळायचा नाही, निदान त्याचा तुकडा तरी.”

“मला वाटायचं बाबा ते दगड फेकून देतात,” मिस्त्री म्हणाले. “मी ह्याच्यावर झोपायचो, आई. कधी बोलले नाहीत.”

“तो कधी काय बोलला? तो चमकीचा दिसतो ना, तो काढ. त्या रस्त्यावर तू झालास. म्हणून तो सगळ्यात जड घेतला. मी म्हटलं, कमरेत उसण भरेल. भरलीच.”

मिस्त्रींनी तो दगड उचलला. त्यांना जड गेला, पण खाली ठेवेनात.

“तू वजन विचारलंस तेव्हा घराचं विचारलंस,” सासूबाई जरा ओशाळून म्हणाल्या. “दगडांचं कुणी विचारलं?”

“म्हणजे आता हे इथेच ठेवून...” मिस्त्री बोलू लागले.

“एकही नाही. एक राहिला तर मीही राहिले.”

मी पिकअपच्या रिकाम्या हौद्याकडे बघत होते. इतकी वर्षं मी ही गाडी भरलेली आणि रिकामी, दोन्ही तऱ्हांनी ओल्या चढावर नेली आहे. रिकामी घसरते, भरलेली धरते.

“हौद्यात टाकू या,” मी म्हटलं. “आत्ता गाडीला उचलतायत, मग तेच गाडीला दाबतील.”

मिस्त्रींनी आधी माझ्याकडे बघितलं, मग दगडाकडे. आणि हसू त्यांच्या चेहऱ्यावर असं पसरलं की ग्रीससुद्धा दिसेना.

“पण एकदाच म्हटलं होतं मी,” सासूबाई म्हणाल्या. शब्दाला पक्क्या; स्वतःचाच असला तरी.

“काकू,” ठिणगी पुढे झाला, “चाक बोटभर तरी पुढे गेलं का? नाही. मग ओढलं कुठे? अजून एकदाच व्हायचंच आहे.”

“हा वकील कुठून आणलास रे?” सासूबाईंनी मिस्त्रींना विचारलं, आणि स्वतःच एक दगड उचलून ठिणगीच्या हातात दिला. “घे. तोंड चालतंय तसे हातही चालव.”

सगळे दगड हौद्यात गेले, मागच्या आसावर नीट पसरून. नव्या पाट्यांवर गाडी दमदार बसली. मी पहिला गिअर टाकला. क्लच सोडला. चाकांनी रस्ता धरला, आणि घर निघालं.

ओरडले सगळ्यात मोठ्यानं मिस्त्री. माझ्या मागून, घराच्या मागून आवाज आला, “निघालं गं, निघालं!”

“ओरडू नकोस, ठोकळा धर!” सासूबाई खिडकीतून.

माणसाच्या चालीनं आम्ही चढत होतो. मागे एक बस अडकली. आधी हॉर्न, मग शिव्या. मग वळणावर ड्रायव्हरला पडदे लावलेली खिडकी आणि मागून ठोकळा घेऊन धापा टाकणारा माणूस दिसला, तेव्हा त्यानं हॉर्न सोडला आणि मागच्यांना हात दाखवून थांबवू लागला. प्रवासी खिडक्यांतून सूचना करू लागले. आमच्याकडे सूचनांना कधी तोटा नसतो.

घाटाच्या मध्यावर इंजिनाच्या उष्णतेचा काटा वर सरकू लागला.

“थांब जरा,” सासूबाई म्हणाल्या. “इंजिनालाही गुडघे असतात.”

चढावर थांबायचं म्हणजे पुन्हा निघायचं, आणि मला नेमकी त्याचीच धास्ती. पण काटा खोटं बोलत नव्हता. ब्रेक दाबला, गाडी थांबली, घर थांबलं, मिस्त्रींनी ठोकळा लावला. सासूबाई खाली उतरून कठड्याशी गेल्या.

“इथवर त्यानं केला,” त्या म्हणाल्या. “मग छातीनं साथ सोडली. वरचा दुसऱ्यांनी पुरा केला. मी बसनं कितीदा गेले. पण घर कधी गेलं नाही ना ह्याच्यावरून. म्हणून ह्या रस्त्याचा दगड नाही आपल्याकडे.”

बसमधल्या सूचनाही थांबल्या.

काटा उतरला. मी क्लच सोडला, अ‍ॅक्सिलरेटर दाबला, क्षणभर सगळं वजन जसं माझ्याच पायावर आलं. मागे किंचित सरकलो, ठोकळा कुरकुरला. मग चाकांनी धरलं आणि आम्ही वर.

वर्कशॉपच्या मागे मिस्त्रींनी जागा सपाट करून ठेवली होती. घर तिथे नेऊन लावलं तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. मिस्त्री आणि ठिणगी हौदा रिकामा करू लागले. एकेक दगड उतरत गेला, तशी गाडीची मागची बाजू श्वास घेतल्यासारखी वर येत गेली. फळ्यांखाली दगड जसेच्या तसे बसले. चमकीचा मिस्त्रींनी स्वतः बसवला.

सासूबाई मात्र दिसेनात. बघते तर रस्त्याकडून येत होत्या, दोन्ही हातांत, पोटाशी धरून, एक काळा दगड. मी घ्यायला पुढे झाले. त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

“आई, आण इकडे,” मिस्त्री घरातून म्हणाले. त्यांनी एक फळी अजून उघडीच ठेवली होती. “त्याची जागा ठेवलीय मी.”

सासूबाई पायरीपाशी आल्या, पण चढल्या नाहीत. घराला वळसा घालून पलीकडच्या चाकाशी गेल्या, एक हात गुडघ्यावर टेकून खाली वाकल्या आणि दगड चाकाखाली सरकवला. टाचेनं दोनदा दाबला. घर हलतंय का ते हात लावून बघितलं.

मग हात झटकले, आत गेल्या, आणि खिडकीचा पडदा बाजूला करून मला म्हणाल्या, “सूनबाई, तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?”