डाळीवरचं झाकण

पेल्यांचा ट्रे माझ्या ओळीत आला आणि माझ्या डोक्यावरून पलीकडच्या बाईकडे गेला. ट्रे धरणारे मालोजी, चर्चचे एक पंच. त्यांनी हात उंच केला तेव्हा कोटाची बाही माझ्या कपाळाला घासली. अत्तराचा गोडूस वास आला.

रहाटणीतल्या आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा पेला. मी शिस्तीखाली होते. म्हणजे तीन महिने भाकर नाही, पेला नाही आणि बसायचं शेवटच्या बाकावर. बोर्डिंगात मेट्रनबाई भिंतीकडे तोंड करून उभं करायच्या, त्यातलाच प्रकार. फक्त आता मी बावन्न वर्षांची आहे आणि माझे गुडघे दुखतात.

उपासना संपल्यावर पाळकसाहेब दारात सगळ्यांशी हात मिळवत उभे होते.

"तोंड पाडू नका कस्तुराबाई," ते म्हणाले. "आनंद माना. बाप आपल्याच लेकराला शिक्षा करतो, शेजाऱ्याच्या नाही."

आनंद! मला त्या शब्दाची शिसारी आली. पाळकसाहेब भला माणूस आहे, बोलतो ते मनापासून बोलतो, आणि त्यामुळे तर जास्तच आली.

घडलं होतं ते असं. निघोज्यात एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये मी स्वयंपाकाला होते. रोजची चारशे ताटं. तिथे बायका पुरवायचा ठेका मालोजींचा, चर्चच्या ओळखीनं त्यांनीच मला लावलेलं. डाळ मंजुळाबाई करायची. ती लातूरकडची, तोंडानं फाटकी पण हाताला चव अशी की लोक डाळीसाठी दुसऱ्यांदा रांगेत यायचे. त्या दिवशी "जरा डाळीकडं बघ गं कस्तुरे, आलेच मी," म्हणून ती मागे गेली. मी झाकण काढून मीठ पाहिलं. वाफेनं जीव घाबरा झाला म्हणून पंख्याखाली जाऊन उभी राहिले आणि झाकण भिंतीला टेकवलेलं तसंच विसरले. दुपारी एका वेल्डरच्या ताटात पाल आली. अख्खी, शिजून पांढरी पडलेली, पोट फुगलेली. आधी त्याच्या शेजारचा ओकला, मग ओळच्या ओळ ओकली. ती फरशी मीच पुसली. आजही डाळ माझ्या घशाखाली उतरत नाही.

साहेब लोकांनी विचारलं एवढंच, की डाळ कुणाची होती? डाळ मंजुळाबाईची होती. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी हातातल्या फडक्याकडे. संध्याकाळच्या आत तिला गेटबाहेर काढलं. तिच्या चाळीत तिचं नाव पडलं पालवाली. पुढे कुठल्या कॅन्टीननं, कुठल्या मेसनं तिला शेगडीजवळ उभं केलं नाही.

दोन महिने मी गप्प बसले. मग एका रविवारी उपासनेत उभी राहून सगळं कबूल केलं, ढसाढसा रडले. बायकांनी पाठीवरून हात फिरवला. पंच बसले, शिक्षा ठरली, प्रार्थना झाली. कसं अगदी रीतसर! चर्चमधल्या सत्तर माणसांना खरं कळलं. ज्या कंपनीत पाल सापडली तिथे मात्र कुणालाही नाही. ते माझ्याही डोक्यात आलं नाही, आलं असेल तर मी येऊ दिलं नाही.

पाळकसाहेबांपासून सुटून निघाले, तर चर्चच्या जिन्यात मालोजींनी मला गाठलं.

"सलाम कस्तुराबाई. झालं ते चांगलं झालं. देवाच्या घरी मिटलंय ना आता, मग कंपनीत काय बोलू नका बरं का. मॅडमच्या कानावर गेलं तर ठेका जाईल माझा. पंधरा बायांच्या पोटावर पाय येईल."

"आणि मंजुळाबाई?"

"तिचं बघू ना. सावकाश." त्यांनी कोटावर नसलेली धूळ झटकली आणि खाली जाऊन गाडी काढली.

माझ्या शिक्षेसाठी पहिला हात वर केला होता तो याच माणसानं. याला कोण शिस्तीखाली ठेवणार? बसमध्ये बसेपर्यंत मी मनातल्या मनात त्यांना यथेच्छ शिव्या घातल्या. चिखली मागे पडल्यावर दुसरा विचार आला आणि तो फार वाईट होता. या माणसाला कुणीच रागवत नाही. पाळकसाहेब नाही, पंच नाही, त्याचं मनसुद्धा नाही. बापानं ज्याला रागवायचंच सोडून दिलं, त्याचं काय होत असेल? आणि मी तरी काय वेगळी होते? तीन महिने बाकावर बसून, चार आसवं गाळून मीसुद्धा सुटणारच होते. माझी मलाच किळस आली. पालीची आली नव्हती एवढी.

सोमवारी मी कंपनीत कॅन्टीनचं बघणाऱ्या तेजस्विनी मॅडमपुढे जाऊन उभी राहिले.

"मॅडम, डाळ तिची होती. झाकण मी उघडं टाकलं होतं."

"इतके दिवस का नाही बोललात?"

"भ्याले."

"मग आता?"

"आता जास्त भ्याले."

त्यांना ते कळलं नसावं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "मंजुळाबाईंना परत घेते," त्या म्हणाल्या. "तुम्हाला स्वयंपाकात ठेवता येणार नाही. भांड्यांना ठेवीन, तेही त्या हो म्हणाल्या तर. तुम्हीच जाऊन विचारा."

मंजुळाबाई खोलीच्या दारात रबराच्या वॉशरांची गोणी घेऊन बसली होती. ब्लेडनं एकेकाची कड कापायचं काम, घरी आणून करायचं. बोटांना जागोजागी चिंध्या बांधलेल्या. तिनं मला बस म्हटलं नाही. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, चर्चमधल्या कबुलीसकट. मला वाटलं, तेवढं ऐकून तरी ती निवळेल.

तिनं ब्लेड खाली ठेवलं.

"मला सगळं ठावं होतं गं. तू सांगशील म्हणून रोज वाट बघायले मी. आन् तू सांगितलीस कुणाला, तर देवाला! तुझ्या देवाचं काम गेलं होतं का? का त्याला लोक पालवाली म्हणायलेत?"

इतकी वर्षं मी प्रवचनं ऐकली, पण असं जिव्हारी लागलेलं एकही आठवत नाही.

"ये भांड्याला," ती म्हणाली. "डोळ्यापुढं असलेली बरी."

मालोजींचा ठेका काही गेला नाही, नुसती तंबी मिळाली. अशा माणसांचं काही जात नसतं. पुढच्या पहिल्या रविवारी ट्रे पुन्हा माझ्या डोक्यावरून गेला, या खेपेला कोपर लागलं आणि सलामही मिळाला नाही. पाळकसाहेबांनी सगळं ऐकून माझा हात जरा जास्त वेळ धरला. आनंद माना म्हणाले नाहीत, ते बरं झालं.

भांडी घासणं म्हणजे काय ते सांगू नये. चारशे ताटांचं खरकटं एका टाकीत पडतं. उन्हाचं ते फसफसतं, त्यात कुणीतरी थुंकलेलं असतं, गुटख्याच्या पुड्या असतात. जाळी तुंबली की कोपरापर्यंत हात घालावा लागतो. घरी लिंबानं हात चोळले तरी वास जात नाही. मंजुळाबाई शेगडीपाशी आणि मी दहा पावलांवर मोरीत. पाच आठवडे ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. पातेलं हवं असलं तरी दुसरीला सांगायची, "तिला म्हणावं, घासून दे."

काल जाळी पुन्हा तुंबली होती. मी नाक दाबून आत हात घातला होता आणि मागून आरोळी आली.

"कस्तुरे! डाळीवर झाकण काय तुझा देव येऊन ठेवणार हाय?"

झाकण तिच्या हाताशी होतं. मी मात्र दहा पावलं लांब. सगळ्या बायका थांबून बघायला लागल्या. मी साबण लावून दोनदा हात धुतले, पदराला पुसले आणि शेगडीजवळ गेले. झाकण उचलून डाळीवर ठेवलं. छातीत काहीतरी एकदम हलकं झालं. पाळकसाहेब म्हणत होते तो आनंद हाच असेल, तर तो मला झाला. खोटं कशाला बोलू?

"फट राहिली बघ," मंजुळाबाई चिडून म्हणाली.

फट नव्हती. मी झाकण उचललं आणि पुन्हा नीट ठेवलं.