बिनधारेच्या फाळाचा नेम

मित्रांनो, मी एक जुना बाणाचा फाळ आहे. नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या गावातल्या एका घरात, स्वयंपाकघराच्या खणात, मेणबत्त्या आणि चिकटपट्टीच्या शेजारी मी पडून असतो. मला तीन पाती आहेत. ती मिटत नाहीत, जागच्या जागी पक्की बसवलेली आहेत. शिकारीच्या फाळाइतकंच माझं वजन, तसाच माझा आकार. धार तेवढी नाही. धारेचे फाळ या देशात बाळगायला बंदी आहे, म्हणून सरावासाठी मला बोथट घडवलं आणि ओळखू यावं म्हणून तांबडा रंग दिला. शस्त्रांच्या कुळात जन्मून साधा कोबी कापता येऊ नये, हे माझं नशीब!

मला विकत आणलं सुबोधने. तो इंजिनिअर. त्याआधी वर्षभर त्याचा उजवा खांदा आखडला होता, शर्टसुद्धा घालता येईना. हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरने, पॅरासिटॅमॉलवर बोळवण केली. मग व्यायाम म्हणून त्याने धनुष्य धरलं आणि खांदा हळूहळू मोकळा झाला. ऑफिसातल्या योस्टने त्याला नोव्हेंबरात हंगेरीला रानडुकराच्या शिकारीला बोलावलं. तिथे धनुष्याने शिकार करता येते. सुबोध हरखला, पण त्याने स्वतःला एक अट घातली.

"पंचवीस मीटरवरून पाच वेळा सोडेन. पाचही वेळा ताटलीएवढ्या वर्तुळात लागला, तरच येईन. जनावर अर्धवट जखमी करायचं पाप मला नको."

म्हणजे सगळी भिस्त माझ्यावर. सुबोधने मला बाणावर बसवलं, बाण गरगर फिरवला आणि माझं टोक डगमगतं का ते पाहिलं. मी जराही हललो नाही. त्याच्या एक्सेलच्या तक्त्यात माझ्यापुढे हिरवी खूण झाली. योस्टच्या कुरणात पंधरा मीटरवरून पाचही वेळा मी वर्तुळात लागलो. "शाबास!" म्हणून सुबोधने मला थोपटलं तेव्हा मी नुसता फुगलो होतो.

मग दसरा आला. सुबोधची बायको वीणा म्हणाली, "शिकार मला पटत नाही. पण घरात शस्त्र आहे, तर पूजा व्हायलाच हवी. बाणावरून काढून दे तो फाळ."

"आई, इट्स नॉट इव्हन शार्प!" त्यांची मुलगी सानिका हसली.

"असू दे. देवाला चालतं."

वीणाने मला ताम्हनात ठेवलं, झेंडूचं फूल वाहिलं, कुंकवात भिजवलेल्या अक्षता टाकल्या. बोथट असूनही मला कुणी हात जोडले! मी भरून पावलो. पण बाणात फिरवून बसवायचे माझे आटे जिथे संपतात, तिथे माझाही एक खांदा आहे. त्या खांद्याला एक ओला दाणा चिकटला. तांबड्यावर तांबडा, कुणाला दिसणार? दुसऱ्या दिवशी सुबोधने मला बाणावर घट्ट फिरवलं, दाणा चपटा झाला आणि मी केसभर तिरका बसलो.

पाती नसलेलं साधं टोक असतं तर एवढ्याने बिघडलं नसतं. माझ्या पात्यांना वारा लागतो. पंचवीस मीटरवरून मी वीतभर डावीकडे गेलो. सुबोधने बाण बदलला, तर खाली गेलो. साधी टोकं मात्र सगळी मधोमध.

योस्ट म्हणाला, "साधं टोक हाताची चूक झाकतं. हा फाळ झाकत नाही. फाळ परत फिरवून बघायचा का?"

"ती टेस्ट झालीये. पास आहे," सुबोध म्हणाला आणि त्याने खांदा चोळला. "हाच दगा देतोय."

मी ओरडत होतो, अरे, तुझा नव्हे, माझा खांदा बघ! पण फाळाला तोंड कुठलं? सुबोध हंगेरीला गेला नाही. मास्ट्रिख्टचा एक माणूस येऊन धनुष्य आणि बाण विकत घेऊन गेला; मी खणातच राहिलो. त्यानंतर वरच्या फळीवरचं पातेलंसुद्धा सुबोध सानिकाला काढायला सांगू लागला. ते ऐकलं की मला फार वाईट वाटायचं.

यंदाच्या दसऱ्याला वीणाने मला बाहेर काढलं. "धनुष्य गेलं, हा तरी आहे," म्हणत जुन्या टूथब्रशने घासलं. टप्पकन काहीतरी ताम्हनात पडलं.

"अगं बाई, गेल्या वर्षीची अक्षता!"

सुबोधने तो चपटा तुकडा बोटावर घेतला. माझा खांदा निरखला. त्याचा चेहरा उतरला. त्याला सगळं कळलं होतं.

"काय झालं रे?" वीणाने विचारलं.

ती अक्षता वीणाच्याच हातची होती. "काही नाही," तो म्हणाला. त्याने तुकडा ताम्हनात ठेवला आणि हात जोडले.

मित्रांनो, कुणाचा नेम चुकू लागला तर त्याच्या हाताला बोल लावण्याआधी आम्हा मुक्यांना एकदा उलटंपालटं करून पुसून बघा. काल पास झालेल्याला आज पुन्हा तपासा. मी आता अगदी सरळ आहे. फक्त मला लावायला या घरात बाण उरलेला नाही.