रायभानच्या लेकाची दारू सुटली

बिभीषण पितो हे गावाला ठाऊक होतं, आणि त्याची धाकटी बहीण वंदना लोकांची दारू सोडवायच्या कामावर आहे हेही ठाऊक होतं. मंठ्याच्या बाजाराला जाताना बायका आपसांत त्यावर हसायच्या. बापाच्या, रायभानच्या, कानावर ते हसू आलं की तो मेंढरांवर विनाकारण ओरडायचा.

वंदनाला आष्टीला दिलेलं होतं. तिकडच्या गावांत एका वैद्यकीय महाविद्यालयाचं संशोधन चालू होतं. दारूच्या आजारावर गावातल्याच उपकेंद्रात इलाज झाला, शहराची खेप वाचली, तर माणसं टिकून औषध घेतात का, हे बघायचं होतं. आठवड्यातून एकदा डॉक्टर यायचे, तपासून गोळ्या द्यायचे. वंदनासारख्या शिकवून तयार केलेल्या बाया घरोघर जाऊन बसायच्या, बोलायच्या, हिंमत द्यायच्या. गावांच्या चिठ्ठ्या काढल्या होत्या. निम्म्या गावांत इलाज लगेच सुरू झाला. उरलेल्या गावांनी थांबायचं होतं. तोवर तिथल्या माणसांनी पूर्वीसारखं जालन्याच्या सरकारी दवाखान्यात जायचं. दोन्हींकडं काय फरक पडतो ते बघून मग सगळ्यांना द्यायचं, असा बेत होता. वंदनाचं माहेर थांबायच्या गावांत गेलं.

चिठ्ठ्या निघाल्या त्याच दिवशी तिनं प्रकल्पाच्या डॉक्टर, आकांक्षा मॅडम, यांना गाठलं. "मॅडम, माझा भाऊ आहे त्या गावात. त्याच्यापुरत्या गोळ्या मी घेऊन गेले तर?"

"नाही, वंदनाताई. तपासल्याशिवाय त्या गोळ्या देता येत नाहीत, आणि असं एकाला दिलं तर अभ्यासाला अर्थ राहत नाही. त्याला जालन्याला पाठवा. तिथं कुणालाही बघतात."

वंदनानं भावाला फोन केला. तो गोडच बोलला. "येतो की. सोमवारी जातोच जालन्याला." सोमवार आले आणि गेले. जालन्याला जायचं म्हणजे पहाटेची एसटी, दिवसभराची रांग, मागं मेंढरं कुणी बघायची, आणि दवाखान्याच्या दारात कुणी ओळखीचं भेटलं तर काय सांगायचं. दोनदा तो फाट्यापर्यंत गेला. दोन्ही वेळा फाट्यावरच प्यायला आणि परत आला.

माहेरी गेल्यावर वंदना या विषयावर गप्प राहायची. गोळ्या द्यायच्या नाहीत म्हणजे तिकडं शिकलेलं इकडं बोलायचंही नाही, असं तिनं मनाशी धरलं होतं. चूक झाली तर हातचं काम जाईल, ही भीतीही होतीच.

दिवाळीनंतर बिभीषण लेकीला, छकुलीला, घेऊन मंठ्याच्या बाजाराला गेला. पोरगी पाच वर्षांची. संध्याकाळी तो एकटाच घरी आला. बायको मोनिकानं विचारलं, "छकुली कुठंय?" तर तो तिच्याकडं बघतच राहिला. गावातल्या एका रिक्षावाल्याला ती पोर बसस्टँडवर रडताना दिसली, त्यानं तिला आणून सोडलं.  सकाळी लेक शुद्धीवर आल्यावर रायभाननं त्याला दंडाला धरून कडब्याच्या खोलीत नेलं, आत पाण्याची घागर ठेवली आणि बाहेरून कुलूप घातलं.

"आता तुह्या आंगातली दारू निघंस्तोवर हे दार उघडत न्हाई," तो म्हणाला.

मोनिकाला ते बराबरच वाटलं. तीही थकली होती. पहिल्या दिवशी बिभीषणनं शिव्या दिल्या, दुसऱ्या दिवशी विनवण्या केल्या. त्याचे हात इतके कापायला लागले की भाकरी खिडकीतून दिली तर खाली पडायची. घामानं कपडे ओले. रायभान म्हणायचा, "निघून राह्यली बघ. घामावाटं निघून राह्यली."

तिसऱ्या दिवशी दुपारी मोनिकाचा फोन आला तेव्हा वंदना आष्टीजवळच्या एका गावात बायकांची बैठक घेत होती.

"वंदनाताई, ह्यो कायबी बोलून राह्यलाय व. भितीवर लांडगं दिसून राह्यलेत त्याला. कुत्र्याला हाका मारतोय. आपलं कुत्रं मरून दोन वर्सं झाली."

फोनमध्ये मागून भावाचा आवाज येत होता. हाऽट, हाऽट, मेंढरं आत घ्या, मेंढरं आत घ्या. वंदना बैठकीतून उठली. समोरच्या बायकांना तिनं महिन्यापूर्वीच समजावून सांगितलं होतं की रोज पिणाऱ्याची दारू एका झटक्यात बंद करायची नाही, झटके येतात, डोकं फिरतं, माणूस मरूही शकतो.

"वहिनी, आधी कुलूप काढा! आबांना फोन द्या."

रायभान फोनवर आला. "तू घाबरू नको, बाई. नशा उतरून राह्यली त्याची. उद्या बिलकुल बराबर व्हईल."

"आबा, तो मरंल! दार उघडा, मी ॲम्ब्युलन्स बोलावते."

"मंग इतके दिस कुठं व्हती तू?" रायभान म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन परभणीकडं गेली होती. वंदनानं ओळखीच्या एकाची जीप मिळवली आणि ती माहेरी पोचली, तेव्हा शेजारचे लोक दारात गोळा झाले होते. आतला आवाज बंद पडला म्हणून मोनिकानं शेवटी दगड घालून कुलूप तोडलं होतं. बिभीषण कडब्यावर पडला होता, त्याला झटके येत होते. तोंडाला फेस, दातांत जीभ. रायभान त्याच्या पायाशी बसून दोन्ही पाय दाबून धरत होता, जणू पाय सोडले तर लेक उठून निघून जाईल.

जीपमध्ये त्याला आणखी दोन झटके आले. मंठ्याहून जालन्याचा रस्ता त्या दिवशी वंदनाला सरता सरेना. मोनिकानं नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. ती रडत नव्हती. मध्येच एकदा म्हणाली, "मला वाटलं, चार दिसांचंच हाय." वंदनाला तिच्याकडं बघवलं नाही.

बिभीषण वाचला. आठवडाभर तो बेडला बांधलेला होता, मग हळूहळू शांत झाला. डोळे स्थिर झाले, जेवायला लागला. चालताना पाय रुंद टाकून, डुलत चालायचा. जालन्याला भेटायला आलेल्या आकांक्षा मॅडमना वंदनानं व्हरांड्यात सगळं सांगितलं. तिकडं शिकलेलं माहेरी बोलायचं नाही असं वाटलं म्हणून गप्प राहिले, हेही सांगितलं.

 मॅडम म्हणाल्या, "गोळ्या द्यायच्या नाहीत, असं म्हणाले होते मी, वंदनाताई. बोलायचं नाही, असं नव्हतं म्हटलं."

"मला तसंच वाटलं, मॅडम."

"हो. मीच नीट सांगायला हवं होतं. सगळ्याच गावांना सांगायला हवं होतं."  पण त्यानं आत पडलेल्या माणसाला आता काही फरक पडत नव्हता.

घरी आणल्यावर बाकीचं कळलं. बिभीषण सकाळी काय खाल्लं ते दुपारी विसरायचा. आलेल्या माणसाला तासाभरात दहादा विचारायचा, "कधी आल्ता?" वंदनाला म्हणाला, "वंदे, तुला बघायला येणार व्हते ना पाव्हणे? काय झालं मंग?" तिच्या लग्नाला बारा वर्षं होऊन गेली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की वर्षानुवर्षं नुसत्या दारूवर राहिल्यानं शरीरातली जीवनसत्त्वं संपली, त्यात हा धक्का बसला, मेंदूचा आठवणींचा भाग गेला. गोळ्या चालू ठेवा. थोडं सुधारेल, सगळं नाही.

दारू मात्र त्यानं पुन्हा मागितली नाही. आपण पितो, हेच त्याला आठवत नव्हतं.

रायभाननं तेवढंच धरून ठेवलं. देवळासमोरच्या ओट्यावर बसून तो सांगायचा, "सुटली. थेंबाला शिवत न्हाई आता. कुठं जालना न् कुठं फालना, घरच्या घरी सुटली." लोक ऐकायचे. बिभीषण अंगणात नीटनेटका, भांग पाडून, बसलेला दिसायचा. न पिता बसलेला माणूस. ज्यांच्या घरात रोज तमाशा होता त्यांना एवढं दिसलं तरी पुरेसं होतं.

संक्रांतीच्या सुमारास वंदना भावाच्या गोळ्या घेऊन माहेरी आली तेव्हा मोनिकानं तिला दारातच सांगितलं, "सर्जेरावानं हरिओमला कोंडलंय. कालपासून."

सर्जेराव चार घरं सोडून राहायचा. हरिओम त्याचा थोरला, तिशीतला, बिभीषणच्याच बरोबरीनं पिणारा. वंदना तशीच गेली. सर्जेराव दारात खाट टाकून बसला होता.

"काका, त्याला बाहेर काढा. आत्ता जालन्याला न्यायला पाहिजे."

"कामून? तुह्या भावाची न्हाई का सुटली? रायभाननं केलं तेच मी करून राह्यलो."

वंदनानं समजावलं, हात जोडले. झटके, मेंदू, मरण, सगळं सांगितलं. सर्जेराव ऐकेना. शेवटी ती म्हणाली, "चला आमच्या घरी. त्याला एक गोष्ट विचारा फक्त. मंग तुम्हाला करायचं ते करा."

तो आला, बहुधा तिला गप्प करायलाच आला. त्याच्या मागून दोघंतिघं आले. बिभीषण अंगणात उन्हाला बसला होता. रायभान दावणीपाशी होता, तो पुढं झाला. "काय झालं, सर्जेराव?"

"काका, त्याला विचारा," वंदना म्हणाली, "लेकीचं नाव काय."

रायभान म्हणाला, "वंदे, ऱ्हाऊ दे." एवढ्यावरूनच तिला समजलं की त्याला सगळं माहीत होतं. रोजचं माहीत होतं.

सर्जेराव हसत म्हणाला, "काय रे बिभ्या, तुह्या पोरीचं नाव काय?"

बिभीषणनं वर पाहिलं. मोठ्या माणसाशी बोलताना बोलावं तसं लाजून म्हणाला, "काका, थट्टा करून राह्यले का? माझं लगीन कुठं झालंय अजून?"

मोनिका उंबऱ्यात उभी होती. छकुली तिच्या पदराआड. सगळे त्या दोघींकडं बघायला लागले. बिभीषणला वाटलं आपलं काही चुकलं, म्हणून तो सगळ्यांकडं पाहून ओशाळं हसला आणि म्हणाला, "कधी आल्ता तुम्ही?"

सर्जेराव जागचा हलला नाही. हलला तो रायभान. हातातला कडबा टाकून तो अंगणाबाहेर पडला, सर्जेरावाच्या घरापर्यंत म्हाताऱ्या पायांनी जवळजवळ पळत गेला, आणि त्याच्या सुनेला ओरडला, "किल्ली दे, पोरी! जल्दी दे!" ती किल्ली शोधायला लागली तेव्हा तो दारावर खांदा मारत होता.

हरिओम नुसता कापत होता. अजून काही दिसायला लागलं नव्हतं त्याला. गावातल्या एकाच्या जीपमध्ये तो मधे बसला, एका बाजूला सर्जेराव, दुसऱ्या बाजूला रायभान. बोलावलं नव्हतं तरी रायभान आला होता. पुढं बसून वंदना आकांक्षा मॅडमशी फोनवर बोलत होती, आणि मॅडम दुसऱ्या फोनवरून जालन्याच्या डॉक्टरांशी. दवाखान्यात हरिओमला लगेच भरती करून घेतलं. वेळेवर आणलंत, असं तिथली डॉक्टर म्हणाली. 

रायभान व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता. वंदना त्याच्याशेजारी जाऊन बसली. नर्स येत-जात होत्या. तो फरशीकडं बघत होता.

"तुला हे म्हाईत व्हतं?" त्यानं विचारलं. "असं कोंडलं तर काय व्हतंय ते?"

"व्हतं, आबा."

"कवापासून?"

"पह्यल्यापासून."

रायभाननं मान हलवली. त्यानं तिला शिवी दिली नाही, की जवळही घेतलं नाही. उठून तो हरिओम होता त्या वॉर्डच्या दाराशी गेला आणि आत न जाता, काचेतून बघत उभा राहिला.